ओळखलंत का मला?

मंडळी, आपल्याकडे एक रीत आहे. बऱ्याच वर्षांनी कोणाच्या घरी गेलो, आणि खिडकीशी एखादी आजी बसलेली दिसली, की आपण वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, "ओळखलंत का मला?" लग्नाच्या मांडवात तर हा प्रश्न अक्षतांइतकाच हमखास. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. असलीच तर थोडी माया आणि थोडी गंमत. तुम्ही हा प्रश्न कितीदा तरी विचारला असेल. मीही विचारला आहे. आज बोलायचे आहे ते या प्रश्नाविषयी, आणि तो ज्यांना विचारला जातो त्यांच्यापैकी एकीविषयी, म्हणजे माझ्या आईविषयी.

आई आता ७९ वर्षांची आहे. आम्ही सांगलीला, हरभट रोडच्या मागे एका जुन्या घरात राहतो. मी शाळेत ३१ वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो. घरात मी, माझी पत्नी, आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी एवढी माणसे. थोरली बहीण, आमची ताई, गावातच विश्रामबागेत असते. धाकटा भाऊ पुण्याला.

आईची स्मरणशक्ती हा आमच्या घरातला अभिमानाचा विषय होता. वडिलांच्या पगाराची पै न् पै तिच्या हिशेबाच्या वहीत उतरलेली असे. गल्लीतल्या कोणत्या मुलाचा जन्म कोणत्या तिथीचा, कोणाच्या मुंजीत कोणी काय आहेर केला, हे सारे तिला तोंडपाठ. शेजारच्या बायका पंचांग उघडण्याआधी तिला विचारीत. अशा बाईला विसर पडू लागला, हे कळायला आम्हांला फार वेळ लागला. तो का लागला ते आधी सांगतो, कारण उद्या तुमच्याही घरी तो लागू शकतो.

२०१९च्या ऑगस्टातल्या महापुराने आम्ही सांगलीकर शहाणे झालो होतो. म्हणून २०२१च्या जुलैत कृष्णेचे पाणी पुन्हा चढू लागताच आम्ही सामान माळ्यावर टाकले आणि आईला घेऊन ताईकडे गेलो. तिथे आठ-दहा दिवस राहिलो. त्या दिवसांत आई निराळीच वाटू लागली. रात्री उठे आणि मोरी समजून कपाटाचे दार उघडी. ताईच्या स्वयंपाकघरात तिला चहाचे पातेले सापडत नसे. दिवसातून दहा वेळा विचारी, "आपण इथं का आलोय रे?" आम्ही म्हटले, पुराची धास्ती घेतली बिचारीने. पुढे पाणी ओसरले, घर धुऊन काढले, आईला परत आणले. आणि काय आश्चर्य, आई पहिल्यासारखी! काळोखात उठून नीट मोरीकडे जायची, न बघता डब्यांतला बरोबर डबा काढायची. आम्ही सुटलो असे वाटले.

त्याचा उलगडा पुढे एका डॉक्टरांनी केला. ज्या घरात माणसाने पन्नास वर्षे काढली, ते घर त्याचे अर्धे काम स्वतःच करीत असते. पाय आपणहून वळतात, हात आपणहून डब्यावर जातो. परक्या घरात हा आधार निघून जातो, आणि आतली पडझड उघडी पडते. म्हणजे पुराने आम्हांला जे दाखवले, ते आम्ही पाहिले आणि घरी आल्यावर पुन्हा झाकून ठेवले. त्यात आठ-नऊ महिने गेले.

मधल्या काळात लहानसहान गोष्टी घडत होत्याच. आमटीत मीठ दोनदा पडे. दळण गिरणीत देऊन आल्यावर तासाभराने ती पुन्हा गव्हाचा डबा घेऊन निघे. पण मला बोचली ती तिची वही. एकाच दिवशी दुधाचे पैसे तीन वेळा मांडलेले, बेरजा चुकलेल्या. मी पडलो गणिताचा मास्तर. लाल पेन घेतले, आणि जशी पोरांची वही तपासावी तशी आईची वही तपासली. चुकलेल्या आकड्यांवर काट मारली, बाजूला बरोबर बेरीज लिहिली. मला वाटले, मी मदत करतोय. आईने ती पाने पाहिली, वही मिटली, आणि त्या दिवसापासून हिशेब लिहिणे बंद केले. साठ वर्षांची सवय एका लाल पेनाने मोडली.

पण माझे एवढ्यावर भागले नाही. बुद्धीला गंज चढू नये म्हणून मी रोज सकाळच्या चहाबरोबर तिची परीक्षा घेऊ लागलो. आई, आज वार कोणता? काल भाजी काय होती? सतराचा पाढा म्हण बघू. पहिल्या पहिल्यांदा ती मोठी हुशारीने निसटून जाई. "वार? मला काय कचेरीत जायचंय? सगळे वार सारखेच." किंवा म्हणे, "मास्तर तू, तूच सांग." आम्ही हसत असू. महिन्या-दोन महिन्यांत मात्र एक गोष्ट झाली. आई आमच्याबरोबर चहाला बसेनाशी झाली. आपला कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसे. मला त्याचे कारण कळले नाही. घरातल्या शहाण्या माणसाला काही गोष्टी सर्वांत उशिरा कळतात.

याच सुमारास नात्यातले एक गृहस्थ आले. आल्या आल्या तोच प्रश्न, "ओळखलंत का मला?" आई म्हणाली, "अगंबाई, न ओळखायला काय झालं? किती वाळलास रे! घरी सगळी बरी ना? मुलं काय करतात?" अर्धा तास गप्पा मारल्या. ते गृहस्थ जिना उतरले, आणि आई माझ्या पत्नीकडे वळून हळूच म्हणाली, "कोण गं हा?" आम्ही पोट धरधरून हसलो. त्या अर्ध्या तासात आईने केवढी कसरत केली असेल, आपली लाज आणि पाहुण्याचा मान दोन्ही कसे सांभाळले असतील, हे तेव्हा मनात आले नाही.

मग आले ते २०२२च्या चैत्रातले हळदीकुंकू. आईला त्या दिवशी पाटल्या घालायच्या होत्या. कपाटात पाटल्या नाहीत. चार-पाच बायका ओटीवर बसलेल्या, डाळ-पन्हे चाललेले, आणि आई बाहेर येऊन माझ्या पत्नीला म्हणाली, "माझ्या पाटल्या तू घेतल्यास. दे बघू." २९ वर्षे या दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला आहे. हिचा चेहरा पांढरा पडला. आणि मी, जो कधी आईला अरे-तुरे पलीकडे बोललो नव्हतो, तो त्या सगळ्या बायकांदेखत तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते इथे सांगत नाही.

पाटल्या तिसऱ्या दिवशी गव्हाच्या डब्यात सापडल्या, रुमालात गाठ मारून ठेवलेल्या. नीट राहाव्यात म्हणून आईनेच ठेवल्या होत्या. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ते सगळे विसरून गेली होती. पाटल्या, हळदीकुंकू, माझे ओरडणे, काही म्हणता काही तिच्या लक्षात नव्हते. तरीपण दोन दिवस ती नीट जेवली नाही. कोपऱ्यात बसून राहिली. माझ्या मुलीला जवळ बोलावून म्हणाली, "मला काय झालंय कळत नाही गं. काहीतरी वाईट झालंय असं वाटतंय. आपल्यातलं कोणी गेलं का?"

मुलीने ते मला येऊन सांगितले. आठवड्याच्या आत आम्ही आईला मिरजेला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

तिथे मी पहिला धडा शिकलो तो असा की, म्हातारपणी विसर पडायचाच, असे म्हणून हातावर हात धरून बसू नये. डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे, मनाची उदासी, काही औषधांचा परिणाम, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त, अशा कितीतरी कारणांनी विसर पडतो. आणि ती कारणे वेळीच सापडली तर त्यांवर उपाय असतो. आईचे बी-१२ कमी निघाले. इंजेक्शने झाली, अंगात तरतरी आली. विसर मात्र राहिला. मग मेंदूचे चित्र काढले, आणि मग डॉक्टरांनी आईला समोर बसवून काही प्रश्न विचारले. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. एक वर्तुळ काढून दिले आणि म्हणाले, "आजी, यात घड्याळाचे आकडे भरा बघू." आईने बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने लिहिले. डावी बाजू कोरीच राहिली. वर्तुळाचे बारा भाग करायला मी हजारो मुलांना शिकवले असेल. मला त्या कागदाकडे बघवेना.

आईने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "मी नापास झाले का हो?"

डॉक्टर म्हणाले, "नाही आजी. परीक्षा माझी होती. औषध कोणतं द्यायचं ते मला ठरवायचं होतं." मग तिला बाहेर मुलीपाशी बसवून ते माझ्याकडे वळले. मी सकाळच्या प्रश्नोत्तरांची हकीकत मोठ्या उत्साहाने सांगितली होती. ते म्हणाले, "मास्तर, परीक्षा माझ्याकडे राहू द्या. घरी तुम्ही घेऊ नका."

रोगाचे नाव अल्झायमर, आणि आई त्याच्या पहिल्या पायरीवर होती. या नावाचे जर्मन डॉक्टर होऊन गेले, आलॉइस अल्झायमर. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या ५१ वर्षांच्या एका बाईची हकीकत त्यांनी १९०६ साली डॉक्टरांच्या सभेत मांडली, आणि १९१० साली त्यांचे नाव या रोगाला मिळाले. आपल्याकडे हा रोग म्हणजे श्रीमंत देशांचे दुखणे असा समज होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत निघाले की, साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून अधिकांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख माणसे. तुमच्या गल्लीत एखादे तरी असे घर असणार.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. कानशिलाच्या आत खोलवर मेंदूचा एक लहानसा भाग असतो. आज घडलेली गोष्ट उद्यासाठी जपून ठेवायची, हे त्याचे काम. या रोगाचा घाला बहुधा आधी तिथे पडतो. म्हणून सकाळचा पाहुणा संध्याकाळी पुसला जातो, पण साठ वर्षांपूर्वीची गोष्ट जशीच्या तशी उभी राहते. ती केव्हाच दुसरीकडे जमा झालेली असते. हातांना लागलेले वळण तर त्याहून उशिरा जाते. आणि भावना? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अल्झायमरच्या रोग्यांना काही दुःखी आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने विचारले तर काय पाहिले ते त्यांना जवळजवळ आठवेना. पण पाहून जे वाटले होते, ते दुःख नि तो आनंद मात्र मनात टिकून होता.

हे ऐकले, आणि मला आईचे ते वाक्य आठवले. आपल्यातलं कोणी गेलं का? माझे ओरडणे ती विसरली होती, पण ओरडण्याने झालेले दुःख तिच्यापाशी होते, आणि ते कशाचे हे तिला कळत नव्हते. आपल्याला राग आला तर निदान कारण ठाऊक असते. तिला तेही नाही. बिनकारणाचे दुःख घेऊन बसण्याची ही शिक्षा मी तिला दिली होती. रोज सकाळी चहाबरोबरही तीच देत होतो. पाचपैकी चार प्रश्न चुकले की ती ते प्रश्न विसरे, पण आपण कुठेतरी हरलो एवढे तिच्यापाशी उरे. मागच्या पायरीवर ती का जाऊन बसत होती, ते मला मिरजेहून परत येताना गाडीत कळले.

आता घरात आम्ही काय बदलले ते सांगतो. यातले बरेचसे माझ्या पत्नीचे डोके आहे. तिने एकच नियम केला: प्रश्न विचारण्याआधी उत्तर देऊन टाकायचे. पूर्वी आम्ही म्हणत असू, "आई, कोण आलंय ओळखा बघू?" आता ती म्हणते, "आई, पुण्याहून भाऊजी आलेत बरं का." पूर्वी, "गोळी घेतलीत का?" आता गोळी नि पाण्याचा पेला पुढे करून, "आई, सकाळची गोळी." पूर्वी, "आज काय आहे, आठवतं का?" आता, "आज संकष्टी, म्हणून तुमच्यासाठी खिचडी केलीय." मोठ्या अक्षरांचे, रोज पान फाडायचे कॅलेंडर आम्ही तिच्या खाटेसमोर लावले. पान फाडायचे काम तिचेच. वार विचारायचा नाही. तो तिच्या डोळ्यांसमोर असतो.

एकच प्रश्न ती अनेकदा विचारते. "ताई कधी येणार?" एकदा मी मोजले, एका दुपारी अकरा वेळा. अकराव्यांदा "आत्ताच सांगितलं ना!" असे तोंडावर येते. ते गिळायचे. तिच्या दृष्टीने तो पहिलाच प्रश्न असतो. आता मुलीने एक पाटी केली आहे. तीवर ती लिहिते, "ताई गुरुवारी चार वाजता येणार." आई विचारते, आम्ही पाटीकडे बोट करतो, ती वाचते, समाधान पावते. पुन्हा विचारते ते वेगळे.

गॅस हा मोठा प्रश्न होता. एकदा दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि घरभर वास सुटला. मी म्हणालो, आजपासून आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. पत्नी म्हणाली, "अहो, मग त्यांनी दिवसभर करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं?" आम्ही मध्यम मार्ग काढला. काम झाले की सिलिंडरचा नळ पत्नी बंद करते. फोडणी तिची, पण मेथी निवडणे, वाटाणे सोलणे, पोळ्या लाटणे हे आईचे. पोळ्या आजही चंद्रासारख्या गोल. कोणत्या पदार्थात काय आधी नि काय नंतर, हे तिच्या डोक्यातून जाते. पण कणकेचा गोळा हातात आला, की हाताला सगळे आठवते. आणि वाती! कापूस पुढे ठेवला की ती तासन् तास फुलवाती करते. एकसारख्या, एकीत उणे-अधिक नाही. आमच्या गल्लीत आता कोणी वाती विकत आणत नाही.

दिवेलागणीची वेळ मात्र कठीण. कातरवेळी तिला हुरहूर लागते, दाराशी येरझाऱ्या सुरू होतात, "मला घरी जायचंय" म्हणते. आधी मी वाद घाली, "आई, हेच आपलं घर." वादाने हुरहूर वाढे. आता ऊन उतरण्यापूर्वीच सगळे दिवे लावतो, आणि मी तिला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरून येतो. परत येताना दार दिसले की ती म्हणते, "आलं बाई घर एकदाचं." कोपऱ्यावरचा वाणी, समोरचे शिंपी, दूधवाला, यांना आम्ही सगळे सांगून ठेवले आहे. पहिल्यांदा संकोच वाटला. चार लोक काय म्हणतील? पण एकदा आई देवळातून येताना भलत्याच गल्लीत शिरली, आणि ज्या पोराने तिला हाताला धरून घरी आणले, त्याला आम्ही आधी सांगितलेले होते म्हणूनच त्याने आणले. तिच्या बटव्यात आमचा फोन नंबर लिहिलेले कार्डही असते.

आता अवघड गोष्ट. तिला तिच्या रोगाविषयी सांगायचे की नाही? भावाचे मत, नको. ताईचे मत, सांगावे. शेवटी एका दुपारी तिघे भावंडे बसलो आणि मीच बोलायला सुरुवात केली. आईने मला मध्येच थांबवले. म्हणाली, "अरे, मला ठाऊक आहे. मी विसरते, हे काही मी विसरत नाही. तेच तर अवघड आहे." मग म्हणाली, "तुम्ही आपसांत कुजबुजता ना, त्याची मला जास्त भीती वाटते. जे विचारायचं ते मला आत्ता विचारा. नंतर विचाराल तेव्हा मी नसेन, नुसती बसलेली असेन."

मंडळी, या रोगाच्या पहिल्या पायरीची हीच तर किंमत आहे. माणूस अजून आपले मन सांगू शकतो. आम्ही विचारले. तिने सांगितले, घरावर तिघांचा हक्क सारखा; पाटल्या सुनेला. हो, त्याच पाटल्या. पाटल्यांचा तो प्रसंग तिच्या लक्षात नव्हता, ती आपल्या मनाने बोलली. वकिलांकडून मृत्युपत्र करून घेतले, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, आणि आई आज समजून-उमजून बोलते आहे असे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. आपल्या १८७२च्या करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, की ते मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवतो, नेमके त्याच दिवशी ते निकामी होते. तेव्हा नुसत्या त्यावर विसंबू नये. बँकेची खाती, वारसाची नावे, मृत्युपत्र, हे सारे वेळेवर करावे, आणि ते आईवडिलांच्या पाठीमागे करू नये, त्यांच्यासमोर बसून करावे.

आणखी एक कबुली द्यायची आहे. इतका वेळ मी "आम्ही केले, आम्ही केले" म्हणालो. पण रात्री तीनदा उठते ती माझी पत्नी. एके संध्याकाळी ती गच्चीवर एकटीच रडताना मला सापडली. म्हणाली, "त्यांचा राग नाही हो मला. पण मीही माणूसच आहे." मी गणित शिकवीत होतो, पण घरातला हा भागाकार मला कधी जमला नव्हता. ताई म्हणाली, "महिन्यातले पंधरा दिवस आईला मी नेते." मन ओढले, पण पुराच्या वेळचे ते कपाटाचे दार आठवले. आईला हलवले तर तिचा तो अर्धा आधार पुन्हा जाईल. मग ठरले की आई जागची हलणार नाही, माणसे हलतील. ताई दर सोमवारी नि गुरुवारी दुपारी येते, त्या वेळी ही भजनी मंडळाला किंवा कुठे मनाला येईल तिथे जाते. भाऊ दोन महिन्यांतून एकदा आठवडाभर रजा काढून येतो. रात्रीची एक पाळी माझी. डॉक्टरांची गोळी चालू आहे. ती रोग बरा करीत नाही, असलेली शक्ती काही काळ सावरून धरते. आईचे विसरणे हळूहळू वाढतेच आहे. पुढच्या पायऱ्या आम्हांला ठाऊक आहेत. मी अजूनही कधी कधी आवाज चढवतो, परवाच चढवला. पण आता लगेच तिच्याजवळ जाऊन बसतो, हातात हात घेतो. कारण राहिलेच काही तिच्यापाशी, तर ते शेवटचे राहू द्यावे.

आणि हिशेबाची वही? मी नवी वही आणून दिली. मुलगी तिच्याजवळ बसते, आई सांगते, ती लिहिते. दुधाचे पैसे कधी दोनदा पडतात. मी बेरीज करीत नाही. लाल पेन मी टाकून दिले आहे.

गेल्या दिवाळीत आईच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आला, पुष्कळ वर्षांनी. मी त्याला दाराशीच गाठले आणि सांगितले, "आत गेल्यावर ओळखलंत का म्हणून विचारू नकोस. आधी आपण कोण ते सांग." तो गेला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, मी तुझ्या धाकटीचा थोरला. लहानपणी तुझ्या परसातल्या पेरूवरून पडलो होतो, तो."

आईने त्याच्याकडे पाहिले. क्षणभर काहीच नाही. मग तिचा हात पुढे झाला, त्याची हनुवटी तिने वर केली, आणि बोटाने चाचपू लागली. "इथं फुटली होती," ती म्हणाली. "रक्त थांबेना. मुठीने हळद दाबली होती मी." त्या जागी पांढरा वण आहे. आम्ही कोणी तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. यंदा कुठल्या लग्नाला जाल, कोणाच्या घरी दिवाळीला जाल, तिथे खिडकीशी कोणी आजी-आजोबा बसलेले असतील. त्यांच्याजवळ जा, वाका, आणि आपले नाव आपणहून सांगा. कोणाचे कोण, कुठले, हे सांगा. जुनी एखादी आठवण काढा. दार आपण उघडून दिले, तर आत अजून पुष्कळ काही आहे.